जित्या माणसाच्या अस्थी

हर्षलाने कागदाची घडी केली आणि साखरेच्या डब्याखाली सरकवली. चंद्राबाईने ते पाहिलं. मान वळवून नाही, तव्याकडे तोंड करून भाकरी थापता थापता. या बाईच्या पाठीलाही डोळे आहेत असं पोशीर गावात म्हणायचे, आणि तिने ते कधी नाकारलं नव्हतं.

"काय गं, साखरेला गादी घालतेस?"

"नाय आई. दवाखान्याचा कागद हाय."

"दवाखान्याचं सगळं पिशवीत ऱ्हातं. डब्याखाली जातं ते माझ्यापासून लपवायचं."

सून ओठ न उघडता हसली आणि नेरळच्या बाजाराला निघून गेली.

महिनाभर घरात हेच चाललं होतं. वाल्मिकच्या, म्हणजे चंद्राबाईच्या नवऱ्याच्या, उजव्या मांडीत वर्षभर गाठ होती, ठसठसायची. बांधावरून पाय घसरला त्याचंच हे, असं धरून हाडवैद्याने तेल चोळलं, पट्टा आवळला. गाठ बसायची सोडून वाढली. शेवटी मुलाने, योगेंद्रने, रसायनीच्या कारखान्यातून रजा काढून बापाला मुंबईच्या इस्पितळात नेलं. हाडाचा कॅन्सर निघाला. तोही सगळ्यांना होतो तसला नाही. लाखात एखाद्याला होतो, असं डॉक्टर म्हणाले.

"लगनात माझी आय बी हेच म्हनली हुती," चंद्राबाई म्हणाली. "लाखात एक नवरा गावलाय. आता पटलं."

सगळे हसले. ती हसली नाही.

तेव्हापासून तिने त्या पायाचा ताबा घेतला. आंघोळ ती घालणार, उशी ती लावणार, पेज ती भरवणार. हर्षलाने हात लावला तर, "नवरा माझा, पाय बी माझाच, तू तुझ्या नवऱ्याचे मोज." आणि तरीही, ती पडवीत पाय टाकी तोच बोलणं भातावर वळायचं. योगेंद्र फोन घेऊन गोठ्यामागे जायचा. चाळीस वर्षांत ज्याला एक विडी लपवता आली नाही, तो वाल्मिकसुद्धा आता तिची नजर चुकवून कौलं मोजायचा. भाताला एवढं काय झालं होतं बोलायला? कापून, झोडून कणगीत जाऊन बसलं होतं ते.

सून पाणंदीला वळल्याबरोबर तिने कागद काढला. शाळा दुसरीपर्यंत. त्यामुळे एकेका अक्षरावर बोट ठेवून, वाटेतला काटा चुकवावा तसं वाचणं. रु-ग्णा-ची. बा-धि-त. अ-स्थी.

बोट तिथेच थांबलं.

पुन्हा वाचलं. 'बाधित अस्थी काढून घेऊन'. पुढचे शब्द लांबलचक होते, ते तिने सोडून दिले. हा एक पुरे होता. बाप गेला तेव्हा नऊ वर्षांची होती ती. तिसऱ्या दिवशी थंड राखेतून मोठ्या भावाने वेचल्या होत्या, मडक्याला फडकं बांधून मडकं घराबाहेर झाडाला टांगलं होतं. जित्या माणसाला हाडं असतात. अस्थी मेल्यावर होतात. एवढं कळायला दुसरी पास व्हावं लागत नाही.

खाली वाल्मिकची सही होती, वाकडी.

तेवढ्यात गोठ्यामागून योगेंद्रचा आवाज आला. साजगावला दिलेल्या बहिणीशी, सोनालीशी, बोलत होता. "हां, भायेर काढतात... दुसऱ्या इमारतीत नेतात, थितं शेकतात... मीच जाईन बरोबर. आयला सध्या कळू देऊ नको."

भायेर काढतात. शेकतात. मुलगा घेऊन जातो. आता कळायचं राहिलं काय?

ती पडवीत गेली आणि कागद वाल्मिकच्या छातीवर ठेवला.

"मला न सांगता कुठं चाललाव?"

"कुठं?"

"अस्थी लिवलंय हितं. खाली तुमची सही. जित्या मानसानं सोताच्या अस्थींवर सही केलेली मी पयल्यांदाच बघितली. पोराला, सुनेला, साजगावात बी ठाव हाय. मीच तेवढी परकी?"

वाल्मिकने कागद बघितला, तिच्याकडे बघितलं, आणि हसायला लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अगं येडे, कागदावरच्या मराठीत हाडाला अस्थी म्हनतात."

"मग हाड लिवताना हात मोडतो काय त्यांचा?"

मग त्याने सांगितलं. मांडीतलं कीड लागलेलं हाड काढायचं. ते दुसऱ्या इमारतीत नेऊन मशीनच्या किरणांखाली धरायचं, म्हणजे त्यातला कॅन्सर मरतो. मग तेच हाड आणून पट्टी ठोकून परत बसवायचं.

"आनि नाय बसलं तर?"

वाल्मिक कौलांकडे बघायला लागला.

"वर काय लिवलंय? माझ्याकडं बघा."

"तर पाय जातो. कदाचित पायावर भागत बी नाय." मग हळूच, "दुसरी सही घरच्या मानसाची लागते. पोरगा करत हुता, मी करू दिली नाय. म्हनलं तिची पायजे, मीच इचारतो. म्हनून सगळी गप हायत. पन माझंच तोंड उघडंना."

चंद्राबाईने सही केली नाही. "आधी त्या डॉक्टरला बघते," म्हणाली.

मुंबईला गेल्यावर डॉक्टर निघाली हर्षलाच्या वयाची पोरगी. चंद्राबाईने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"हाड न्हेता, ठीक. परत आनता ते ह्यांचंच कशावरनं? आमच्याकडं धुवायला दिलेलं धोतर बदलून येतं."

योगेंद्रने कपाळाला हात लावला. डॉक्टरीण मात्र हसली नाही. हाडाला एकात एक तीन पिशव्या, प्रत्येकीवर नाव आणि नंबर, हे तिने समजावलं. घरचं एक माणूस मशीनच्या दारापर्यंत सोबत जाऊ शकतं, असंही म्हणाली.

"मी जाईन."

"आजी, लांब आहे. मुलगा जाऊ दे ना."

"मुलगा नाय. मुलगा न्हेतो त्या अस्थी. हे हाड हाय."

मग तिने पेन मागितलं. चार अक्षरांची सही, पण पुरती चार मिनिटं लागली.

ऑपरेशनच्या दिवशी दुसऱ्या तासाला दार उघडलं. रोहिदास नावाचा कर्मचारी निळी पेटी घेऊन बाहेर आला.

"चला मावशी."

"थांब. नाव वाच."

"वाल्मिक नागू—"

"नंबर."

त्याने वाचला. तिने योगेंद्रच्या हातातल्या कागदावर बोट ठेवून एकेक आकडा जुळवला. मग मुलाला म्हणाली, "तू हितंच दाराशी बस. हलू नको," आणि निघाली.

वाटेत इस्पितळाचं मोठं अंगण होतं. रोहिदास झपाझप चालत होता. चंद्राबाईची एक नजर पेटीवर होती, आणि दर चार पावलांनी ती थांबून मान पार मागे वळवत होती, ज्या इमारतीत वाल्मिक मांडी उघडी टाकून निजला होता तिकडे. अस्थी नेणारा मागे बघत नसतो. लहानपणी भावाला सगळ्यांनी बजावलेलं तिला आठवत होतं: बघू नको रं, मागं बघू नको.

पायरीला ती ठेचकाळली.

"मावशी, पुढं बघा, पडाल," रोहिदास म्हणाला. "मागं काय हाय एवढं?"

"मागं माझा मानूस हाय," चंद्राबाई म्हणाली, आणि पुन्हा वळून बघितलं. "तू चाल. आनि पेटी हलवू नको."