पाचव्या एकराचं पाणी

आंजीच्या शिवारात, बांधावर एक ड्रोन, बॅटऱ्यांचे पाच जोड, औषधाच्या पाच बाटल्या आणि पाण्याचा एक ड्रम होता. ड्रमवर लिटरच्या खुणा रक्षानं स्वतःच मारल्या होत्या. पाणी बरोबर चाळीसच्या खुणेवर होतं. एकरी दहा लिटर लागणार, आणि तूर होती पाच एकर.

"काकाजी, दहा लिटर कमी हाये."

"मंग आण ना विहिरीवरून." निंबाखाली बसलेले बंडूजी म्हणाले. शेत त्यांचंच.

"गावातल्या त्या आदेशचा ड्रोन असला का पाणी आणाले बाई राह्यते."

"तू त सोताच बाई हायेस!" ते खो खो हसले. "त्याले एकरी चारशे, तुले अडीचशे. बटन दाबाले काय ताकद लागते?"

"तो बी तेच बटन दाबते."

"बरं. वारा सुटायच्या आत पाची एकर करून दाखव. चारशे तुले बी, यंदा आन् पुढंही. नाई झालं, त चारशेचं नाव काढायचं नाई."

आहे त्या पाण्यात चार एकर उरकू, मग विहिरीवर धावू, असं ठरवून रक्षानं ड्रोन उडवला. विहिरीकडून येणाऱ्या पायवाटेकडे बघायचं ती टाळत होती. फवारणीचं पाणी तिची आई अन्नपूर्णा तिथूनच आणायची. पाठीवर पंप घेणाऱ्या गड्याला चारशे, डोक्यावर पाण्याचा गुंड घेणारीला दोनशे. तीन वर्षांपूर्वी, आश्विनाच्या उन्हात, भरल्या गुंडासकट आई याच वाटेवर कोसळली, ती पुन्हा उठलीच नाही.

ड्रममधलं शेवटचं पाणी घेऊन ड्रोन चौथ्या एकरात गेला आणि पायवाटेपाशी हवेतच थांबला. पडद्यावर उमटलं: पुढे अडथळा, सहा मीटर. कॅमेऱ्यात वाट रिकामी होती. पाच मीटर. चार. माणसाच्या चालीनं आकडा उतरत होता. अडथळा डावलून पुढे जायचं बटन होतं. रक्षाचा अंगठा त्यावर गेला आणि मागे आला. तुरीचे शेंडे हलायला लागले होते.

"काऊन थांबली व?"

"वाटेवर कोणी हाये."

"कोणी नाई तिथं!"

आकडा दोनवर आला, मग अडथळ्याची खूण बांधाकडे सरकली, आकडा पुन्हा वाढत गेला आणि पुसला गेला. ड्रोन आपोआप पुढे सरकला. एकर पुरा करून परतला.

रक्षा कॅन उचलून विहिरीकडे निघाली, तोच ड्रमच्या अंगावरून ओघळलेलं पाणी तिला दिसलं. तिनं झाकण काढलं. पाणी स्थिर होईस्तोवर वाट पाहिली. मग खाली वाकून खूण वाचली.

दहा लिटर.