तारेवरचं बोलणं

मुलीने वडिलांच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणापाशी छोटा माइक अडकवला, त्याची वायर शर्टाच्या आतून खाली सोडली आणि मागे सरून हेडफोन चढवले.

"काहीतरी बोला, बाबा. आवाज बघायचाय."

"आवाज बघतात होय आता?" वडील म्हणाले. "आमच्या वेळी ऐकायचे."

कॅमेऱ्यामागचा फोटोग्राफर हसला. जुन्या टेलिफोन एक्सचेंजचा तो मोठा हॉल रिकामा होता. शहराचं संग्रहालय आणि आसपासचे रहिवासी मिळून या इमारतीवर माहितीपट करत होते. प्रश्न विचारायला संग्रहालयातली बाई होती. आवाज आणि संकलन मुलीकडे होतं, कारण रेडिओवर ती तेच काम करायची. नियम एकच ठरला होता. जो बोलेल, त्याच्या बोलण्यावर शेवटचा शब्द त्याचाच. त्याला नको असेल ते कापायचं.

वडील इथे लाइनमन होते आणि आई ऑपरेटर. आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती. वडिलांना इथवर आणायला मुलीला फार मनधरणी करावी लागली. ते मुळात अबोल, आणि आईही तशीच. लहानपणी जेवताना घरात भांड्यांचा काय तो आवाज. या दोघांचं पटत नाही, केवळ आपल्यासाठी एकत्र राहतात, असं मुलीने तेव्हाच ठरवून टाकलं होतं. स्वतःचं लग्न ठरलं तेव्हाही तिने होणाऱ्या नवऱ्याला पहिल्यांदा हेच बजावलं होतं, "मला मुकं घर नको."

सुरुवातीला वडील खांबांविषयी बोलले, वादळात तुटलेल्या तारांविषयी बोलले. एका वाक्यात उत्तर देऊन गप्प बसायचे. मग बाईने विचारलं, "काकू इथेच बसायच्या ना?"

स्विचबोर्ड होता त्या भिंतीवर आता फक्त खिळ्यांची भोकं उरली होती. वडील तिकडे बघत राहिले.

"इथेच. खांबावर चढलं की हातातला फोन तारेला लावून इथे टेस्ट द्यावी लागायची. ती उचलायची. लाइन ठीक आहे, एवढंच सांगायचं असायचं. पण आम्ही बोलत बसायचो."

"काय बोलायचात?"

"सगळंच. पोरीचा ताप, तिची शाळा, येताना काय आणायचं. भांडायचोसुद्धा तिथेच."

"खांबावरून?"

"घरी पोर होती ना. तिच्या कानावर नको म्हणून." वडील किंचित हसले. "एकदा मी वर इतके हातवारे करत होतो, की खाली माणसं जमली. त्यांना वाटलं, याला शॉक बसला."

मुलीने मान खाली घातली आणि रेकॉर्डरचं बटण उगाचच थोडं फिरवलं.

"मग आपोआप जोडणारी यंत्रं आली. तिला खालच्या मजल्यावर टेबलाचं काम मिळालं, तारेवरचं बोलणं संपलं. त्यानंतर घरी बसून बोलायचं म्हटलं, तर जमेचना. समोरासमोर काय बोलायचं तेच सुचत नसे. एकदा ती म्हणाली, तुम्ही जरा गच्चीवर जाऊन बोलता का?"

"गेलात?"

"गेलो की," वडील म्हणाले. "ती खाली अंगणात. शेजारीपाजारी ऐकत होते म्हणून परत आलो."

माहितीपटाची पहिली कच्ची जुळणी तयार झाल्यावर संग्रहालयात खुर्च्या मांडून सगळ्यांना ती दाखवली. पहिल्या रांगेत आईची जुनी मैत्रीण होती; तिला सगळे ट्रंककॉल मावशी म्हणत. तिची सारी नोकरी आईच्या शेजारच्या खुर्चीवर झाली होती, आणि आवाज असा की तिला फोनची गरजच नव्हती. गच्चीचा प्रसंग आला तेव्हा सारा हॉल हसला. मावशीने पदर डोळ्यांना लावला.

"मला ठाऊक होतं सगळं," ती म्हणाली. "यांचा फोन माझ्याकडे आला की मी मुकाट्याने तिला जोडून द्यायचे."

दिवे लागले. वडिलांनी हात वर केला.

"माझं खांबांचं, वादळाचं राहू द्या. तिच्याविषयीचं काढा."

संग्रहालयातल्या बाईचा चेहरा पडला. "काका, पण फिल्मचा जीव त्यातच आहे!"

"ऑफिसच्या तारेवर घरच्या गप्पा. बरं दिसत नाही ते."

"अहो भावजी, आता कोण तुम्हाला नोटीस काढणार?" मावशी म्हणाली. "काढणारे केव्हाच गेले."

वडील हसले, पण हलले नाहीत. बाईने मुलीकडे पाहिलं. मुलीलाही ते हवं होतं. आपले आईवडील बोलत होते, हे साऱ्या शहराने ऐकावं असं तिला वाटत होतं. ती तोंड उघडणार होती, पण वडील तिच्याकडे न बघता चष्मा पुसत होते. दुसऱ्या दिवशी तिने तो भाग काढला. वादळाचं दृश्य थेट रिकाम्या भिंतीला जोडलं. जोड कुणाच्या लक्षात आला नसता.

संध्याकाळी दोघं बसथांब्यावर बसली होती.

"बाबा, सगळ्यात चांगलं तेच होतं."

"असेल."

"मग का काढायला लावलंत?"

"तू ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"मग झालं."

रहदारी समोरून जात राहिली. मुलगी त्यांच्याजवळ सरकून बसली.

"आणखी काय बोलायचात तुम्ही?"

"काय नाही!" वडील म्हणाले. "तुझं नावच घे. तिला ते मुळीच पसंत नव्हतं. दोन आठवडे आमचं चाललं होतं. मी स्टेशनसमोरच्या खांबावर, वरून ऊन हे असं, आणि ती म्हणते..."

बस आली, दार उघडलं. ड्रायव्हरने दोघांकडे पाहिलं, क्षणभर वाट पाहिली. दोघांपैकी कुणीच उठलं नाही.