हाताशी ठेवलेला तांब्या

त्या दिवशीही अण्णा दहाच्या ठोक्याला कागदांपुढं बसले. निजामी अमलातले जमिनींचे उर्दू कागद मराठीत उतरवून देणं, पोलीस ॲक्शननंतर पस्तीस वर्षं हेच त्यांचं काम. जमिनीवर मांडी, समोर उतरतं मेज. हातात घेतलेला कागद अर्धा टाकून उठायचं नाही, हा नेम. मधेच उठलं की घसटं अक्षर पुन्हा लागत नाही, म्हणायचे.

दिवाळीपासून त्यांची डावी पोटरी सुजत होती. छावणी भागातल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "दर अर्ध्या तासानं उठवत जा त्यांना. पाण्याचा तांब्या मुद्दाम स्वयंपाकघरात ठेवा." ठेवला. चार दिवस. भिंत धरून उठताना ते कण्हायचे, ते ऐकवेना. पाचव्या दिवशी तांब्या मी त्यांच्या हाताशी नेऊन ठेवला. "शहाणी लेक," म्हणाले. मला बरं वाटलं.

त्या दुपारी कन्नडहून सांडू नावाचा शेतकरी आला होता, आपल्या आजोबांच्या विहिरीचा कागद घेऊन.

"मालक, लई बारीक अक्षर हाय का?"

"अक्षर ठीक आहे रे, तुझा आजाच वाकडा. अर्धी विहीर भावाला दिली आणि पोहरा स्वतःकडे ठेवला."

"म्हातारा तसाच व्हता," सांडू हसला.

तेवढ्यात अण्णांनी चष्मा काढला आणि भिंत धरून उठले. कागद अर्धाच झाला होता. "सरोज, पाय फार ओढतोय. गल्लीच्या टोकापर्यंत येतेस जरा?"

"ताई, माझी पाचची गाडी हाय," सांडू पुटपुटला.

"बसा हो अण्णा, तेवढं उरका. संध्याकाळी जाऊ," मी म्हटलं आणि तांब्या भरून आणला.

ते बसले. संध्याकाळी ते दुसरा कागद घेऊन बसले, मी पुस्तक.

सकाळी तोंड धुताना अण्णा कोसळले. पोटरीतली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली, डॉक्टर म्हणाले. नुसत्या बसण्यानंच झालं असं छातीठोक सांगता येत नाही, असंही म्हणाले. माझ्यासाठी म्हणाले असावेत. पस्तीस वर्षांचा नेम अण्णांनी त्या दुपारी आपणहून मोडला होता, आणि मी त्यांना खाली बसवलं होतं.

चौदाव्या दिवशी पाहुणे गेले. मेजाजवळ तांब्या तसाच होता. तो उचलून मी स्वयंपाकघरात ठेवला. परत येऊन बैठकीसमोर उभी राहिले.

"अण्णा, उठा," मी मोठ्यानं म्हटलं. "राहू दे कागद अर्धा. जाऊ दे सांडूची गाडी. चला, मी येते."