सेंट एब्बाचं डावीकडचं दार

"हे चर्च मी रंगवणार नाही," मिल्ड्रेड पास्क म्हणाली आणि कुंचला पाण्यात टाकून हात पुसायला लागली.

बावीस वर्षांत तिनं कशालाच नाही म्हटलं नव्हतं. त्या लांबट खोलीत चौघी बायका एका टेबलाशी बसायच्या आणि लंडनच्या जुन्या चर्चांच्या तांब्यावर कोरलेल्या चित्रांच्या नव्या प्रती रंगवायच्या. डल्सी आकाश भरायची, मग कागद सरकत मिल्ड्रेडकडे यायचा. विटा, दगड आणि माणसं तिची. समोर मालकानं रंगवलेला नमुना टेकवलेला असायचा, त्याबाहेर जायचं नाही.

मालक टॅरंटसाहेब चष्मा कपाळावर चढवून आले. "काय झालं मिसेस पास्क? बरं नाही का?"

"मला बरं आहे. चित्राला बरं नाही. मनोऱ्याखालचं छोटं दार डाव्या हाताला आहे. इथं उजवीकडे काढलंय."

"अगं, दोनशे वर्षांपूर्वी हे कोरणारा माणूस तो," डल्सी म्हणाली. "दोन पेले जास्त झाले असतील बिचाऱ्याला!"

बाकीच्या दोघी हसल्या. मिल्ड्रेड हसली नाही.

"बाई, रेघ त्याची, रंग आपला," साहेब मऊ आवाजात म्हणाले. "रेघेला हात लावायचा नाही, हे तुम्हीच नव्या मुलींना शिकवता. आणि चाळीस प्रती तिथल्याच लोकांनी मागितल्यात. रविवारी शेवटची प्रार्थना, सोमवारी मनोरा पाडायला घेणार."

"म्हणूनच म्हणतेय. मनोरा आहे तोवर कुणीही जाऊन बघेल. सोमवारनंतर हे चित्र म्हणेल तेच खरं. मग माझा सिरिल कुठून आत गेला, ते कुणाला सांगू मी?"

सिरिल म्हणजे तिचा नवरा. त्याचं सगळ्यांना ठाऊक होतं. तेरा वर्षांपूर्वी, लढाईत लंडनवर बॉम्ब पडत तेव्हा, कुठं आग लागते का ते बघायला तो रात्री ह्याच सेंट एब्बाच्या मनोऱ्यावर पहाऱ्याला जायचा. एका संध्याकाळी गेला, रात्री बॉम्बनं चर्चचं छप्पर उडालं, मनोरा तेवढा उरला, आणि तो गेलाच. पुरायलासुद्धा काही मिळालं नाही, म्हणजे तो मनोरा हीच त्याची कबर. कुणाला जे ठाऊक नव्हतं ते असं, की त्या संध्याकाळी नवराबायकोचं भांडण झालं होतं. कशावरून, तर चहाच्या साखरेवरून! ती चहाची बाटली द्यायला त्याच्या मागोमाग गेली, पण तोंड फुगवून. दारात वळून त्यानं हात हलवला. हिनं नाही हलवला. तो न हलवलेला मेला हात तेरा वर्षं तिला झोपू देत नव्हता.

साहेब खाली गेले. डल्सी ओशाळली. तिनं कपाट उघडून मूळ चित्र काढलं. चर्चची देखभाल करणारे म्हातारे लव्हीबॉण्ड ते नकलेसाठी ठेवून गेले होते.

"बघू तरी, मुळातच घोळ आहे का ते," ती म्हणाली आणि फिस्सकन हसली. "अगं बाई! ह्यानं तर वरची अक्षरंसुद्धा उलटी कोरलीत! आपल्या प्रतींत ही पट्टीच नाही."

मिल्ड्रेडनं कागद ओढून घेतला. माथ्यावरची अक्षरं उलटी होती, पण तळाचं चर्चचं नाव मात्र सरळ, ठळक, एक वळण न चुकलेलं. प्यायलेला माणूस वर चुकेल आणि खाली चुकणार नाही? मग एकाएकी तिला लहानपणची जत्रा आठवली. नळकांडं लावलेली पेटी घेऊन एक म्हातारा यायचा. एक पेनी द्यायची आणि आत बघायचं, की रंगीत शहरंच्या शहरं उभी. चित्र खाली आडवं असायचं, आणि ते दिसायचं वर तिरक्या बसवलेल्या आरशात.

"डल्सी, तुझी पावडरची डबी दे."

"आता नटतेस की काय?"

"दे म्हणते ना!"

तिनं चित्र बाहेर तोंड करून छातीशी धरलं आणि डबीचा तळहाताएवढा आरसा समोर नेला. वरची अक्षरं सरळ झाली. मनोरा सरकून आपल्या जागी आला. दार डावीकडे होतं.

"कोरणाऱ्याला सगळं ठाऊक होतं गं. पेटीच्या आरशात बघायचं म्हणून त्यानं उलटं कोरलं, खालचं नाव तेवढं हातात घेणाऱ्यासाठी सरळ," ती म्हणाली आणि पदर नसलेल्या त्या बाईनं रंगानं माखलेल्या फडक्यात तोंड खुपसलं. "मीच मेल्याला नावं ठेवत होते."

आवाज ऐकून वर आलेल्या टॅरंटसाहेबांचा चेहरा उतरला. ती पट्टी खराब छपाई समजून त्यांनीच कापायला लावली होती. पुन्हा छापायला वेळ नव्हता. मिल्ड्रेडनं शनिवारपर्यंत चाळीसच्या चाळीस दारं, होती तिथंच, स्वतः रंगवली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

रविवारी बिनछपराच्या चर्चमध्ये भाड्याच्या खुर्च्या मांडल्या होत्या. प्रार्थना झाली, चित्रं वाटली आणि लागलीच कुजबुज सुरू झाली.

"काय गं मिल्ड्रेड, पोरी," लव्हीबॉण्ड तिच्याशेजारी बसत कुरकुरले, "दार चुकवलंस? तू? तुला तरी ठाऊक हवं होतं."

तिनं डल्सीची डबी उघडून त्यांच्या हातात दिली. "चित्राकडे बघू नका. ह्यात बघा."

म्हाताऱ्यानं बघितलं. मग मान वर करून समोरचा खराखुरा मनोरा बघितला, पुन्हा आरसा बघितला. डबी पुढच्या रांगेत गेली, तिथून मागं. लोक चित्र पोटाशी धरून आरशात डोकवायचे आणि डबी पुढच्याला द्यायचे. एका बाईनं आपल्या लग्नाची पायरी ओळखली.

शेवटी डबी परत लव्हीबॉण्डकडे आली. त्यांनी ती मिल्ड्रेडसमोर नीट धरली.

"इथूनच गेला गं तुझा सिरिल. मी तिथं झाडत होतो. तुझ्याकडे बघून त्यानं हात हलवला होता."

"हो," मिल्ड्रेड म्हणाली. "मीच नव्हता हलवला."

आरशात डावीकडे तिनंच रंगवलेलं दार होतं, आणि वर थोडा तिचा चेहरा. एका हातानं तिनं चित्र छातीशी घट्ट धरलं. दुसरा हात वर केला आणि हलवला. लव्हीबॉण्ड आरसा धरून राहिले, ती पुरे म्हणेपर्यंत.