दारात अडकलेला सोफा

लोकांच्या घरचे सोफे दुरुस्त करून पोट भरणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरात सोफा नव्हता, याचं सगळ्या इमारतीला नवल वाटे. त्याच्या बायकोला मात्र वाटत नसे. ती शहरातली बस चालवायची. दिवसभर गर्दीतून वाट काढत घरी आलं की तिला डोळ्यांपुढे मोकळी फरशी हवी असायची. दोन खोल्या आणि हातभर गॅलरी, एवढंच त्यांचं घर. जेवणाचं टेबल भिंतीला बिजागरीवर बसवलेलं, जेवण झालं की वर. गाद्या त्याने दुकानातल्या उरल्यासुरल्या फोमच्या तुकड्यांपासून शिवलेल्या, सकाळ झाली की गुंडाळून कोपऱ्यात. फ्रीज नाही, भाजी ओल्या वाळूच्या मोठ्या कुंडीत. कपडे खळबळल्यावरचं पाणी नळीने थेट गॅलरीतल्या टोमॅटो-मिरच्यांना. इमारतीतले लोक त्यांना ‘फकीर’ म्हणत आणि दोघं ते बिरुद आनंदाने मिरवत.

पण आज फकिरांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. आज संस्थेच्या बाई घर बघायला येणार होत्या. पाच वर्षांची एक मुलगी या दोघांना दत्तक मिळायची होती. कागदपत्रं झाली, चौकशा झाल्या, उरलं होतं फक्त घर. ते पसंत पडलं तर मुलगी यांची, नाहीतर पुन्हा रांगेत शेवटी. आणि ती मुलगी दुसऱ्या कुणाच्या घरी. तिला एकदाच, तेही लांबून, पाहिलेलं. पण तेवढ्याने दोघांची झोप उडाली होती.

त्यात सकाळी खालच्या मजल्यावरून नणंदबाई आल्या. कमरेवर हात ठेवून त्यांनी घरभर नजर फिरवली.

“असलं रिकामं घर बघून ती बाई काय म्हणेल? यांचंच खायचे वांधे, हे पोर काय पोसणार!”

झालं. इतक्या वर्षांचा ताठा एका वाक्यात वितळला. ज्यांनी एकेक वस्तू निवडून घराबाहेर काढली होती, तेच दोघं आता दारोदार वस्तू मागत फिरू लागले. समोरच्यांनी फ्रीज दिला, वरच्यांनी टीव्ही आणि काचेचं कपाट दिलं. कपाटात ठेवायला कुणी चिनी मातीचे ससे दिले. नणंदबाईंनी तर मन मोठं करून आपला लाल मखमली सोफाच देऊ केला. “फक्त त्याला ओरखडा उठला तर बघा!” असं म्हणूनच.

सोफा जिन्यातून आला डौलात आणि दारात येऊन बसला अडकून. बायको आत ओढत होती, नवरा आणि दाजी बाहेरून ढकलत होते. नणंदबाई पायरीवर उभ्या राहून सूचना देत होत्या, ज्यांचा कुणाला काडीचा उपयोग नव्हता.

“तिरका घे!”

“तिरकाच आहे, ताई!”

“मग सरळ घे!”

“अरे, मी एवढी मोठी बस बोळातून काढते,” आतून बायको ओरडली, “आणि तुम्हाला एक सोफा दारातून घालता येईना?”

तिघांनी एकदम जोर लावला आणि सोफा असा काही रुतला, की ना आत येईना, ना बाहेर जाईना. नेमक्या त्याच वेळी जिन्यात एक अनोळखी आवाज आला.

“सोफेवाल्यांचं घर हेच का?”

बायकोची पाचावर धारण बसली. सोफ्याच्या वरच्या फटीतून तिला दिसला एक चष्मा आणि धापा टाकणारा गोल चेहरा. संस्थेच्या बाई! पलीकडे नवरा घामाघूम होऊन नुसता हसत होता. बोलायची वेळ आली की या माणसाला हसू फुटायचं, हे तिला लग्नापासून ठाऊक होतं.

“नवीन सोफा का?” बाईंनी विचारलं.

हो म्हणून टाकावं, एवढंच तिच्या मनात आलं. मागे वळून तिने पाहिलं. फ्रीज टेबलाच्या जागेवर, कपाट खिडकीच्या तोंडाशी, खोलीत दिवसाढवळ्या अंधार, आणि ते ससे तिच्याकडे टकामका बघतायत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! तिला एकदम स्वतःचा राग आला. पोरीला घरी आणायचं आणि पहिल्याच दिवशी खोटं बोलायचं?

“आमचा नाही, बाई,” ती फटीतून म्हणाली. “यांच्या ताईंचा आहे. फ्रीज समोरच्यांचा, टीव्ही आणि कपाट वरच्यांचं. आमच्या घरात यातलं काहीच नसतं. आम्हाला लागत नाही. पण तुम्ही नाही म्हणाल म्हणून घाबरलो.”

नवऱ्याचं हसू गेलं.

“मग तुमचं जे आहे ते मला कसं बघायला मिळणार?” बाई म्हणाल्या. “हे बूच काढा आधी.”

नवऱ्याने बहिणीकडे पाहिलं. मखमल उसवून सोफ्याचा हात सुटा करणं त्याच्या डाव्या हाताचा मळ होता, पण सोफा ताईचा होता. नणंदबाईंनी डोळे गच्च मिटून घेतले.

“काढ मेल्या, काढ! माझ्या भाचीपेक्षा सोफा मोठा आहे का?”

मग काय विचारता! त्याच्या हातात कात्री आणि पाना असा नाचला की बघता बघता सोफ्याचा हात निघाला आणि सोफा बाहेर. त्याच्या मागून फ्रीज, फ्रीजमागून टीव्ही, मग कपाट, शेवटी पदरात ससे घेऊन वरच्या मजल्यावरच्या काकू. बाई भिंतीला चिकटून ती वरात बघत राहिल्या.

घर पुन्हा घरासारखं दिसू लागलं. बाईंनी टेबल खाली-वर करून पाहिलं. वाळूत हात घालून गाजर काढलं आणि ते ताजं कसं राहतं ते विचारलं. गॅलरीतल्या नळीची दोन्ही टोकं तपासली. “मुलीची गादी?” म्हणाल्या, तेव्हा नवऱ्याने ती न हसता उलगडली. कोपरा न् कोपरा त्याने हाताने शिवला होता. बाईंनी ती दाबून पाहिली आणि पाठ फिरवली. बायकोला वाटलं, संपलं सगळं.

बाई गॅलरीत गेल्या आणि खाली वाकून ओरडल्या, “आणा तिला वर!”

“कुणाला?” बायकोच्या तोंडून कसाबसा शब्द फुटला.

“तुमच्या मुलीला. खाली गाडीत बसलीय. घर पटलं तरच वर आणणार होते.”

नवरा तिथेच फतकल मारून बसला आणि रडायला लागला. काय बोलायचं, कसं बोलायचं, हे बायकोने कितीतरी दिवस बस चालवता चालवता घोकलं होतं. त्यातला एक शब्द आठवेल तर शपथ!

मुलगी दारात आली. तिने माणसांकडे पाहिलंच नाही. ती फरशीकडे बघत होती, या भिंतीपासून थेट पलीकडच्या गॅलरीपर्यंत.

“इथे पळलं तर चालतं?” तिने विचारलं.

“आमच्याकडे पलंगाला पलंग लागून आहेत,” बाई हळूच म्हणाल्या. “पळायला जागाच नाही.”

“चालतं!” बायको इतक्या जोरात ओरडली, की खालच्या मजल्यावर नणंदबाई दचकल्या. “पळ की!”

मुलगी पळाली. गॅलरीच्या कठड्याला हात लावून परत, पुन्हा गॅलरी, पुन्हा परत. गाल लाल झाले, वेणी सुटली. मग ती थांबली आणि धापा टाकत तिने बायकोचं बोट धरून ओढलं.

“एकटीने काय पळायचं? तू पण ये ना.”

आणि आई पळाली.