मागचे पाय रेषेवर

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. मशिदीच्या दाराशी, चपलांच्या फळीजवळ मी उभी असायचे. बुटांच्या नाड्या बांधायला लोक घटकाभर माझ्यावर टेकत आणि चालते होत. मला ते लागत नसे असं समजू नका.

मला एका सुताराने आपल्या शिंपी मित्रासाठी घडवलं. शिलाई मशीनशी जुळावी म्हणून त्याने माझी बैठक मुद्दाम बुटकी ठेवली. शिंपीचाचा उभा जन्म माझ्यावर बसून पायमशीन मारत राहिले. गिऱ्हाईक आलं की माझ्या पाठीवर थोपटून म्हणायचे, "ही आहे म्हणून मी आहे." तेव्हा मी मनातल्या मनात फुगून जाई.

पायमशीनने त्यांचे गुडघे मात्र खाल्ले. चाची गेल्यावर घर खायला उठू लागलं. मशिदीत माणसांच्या ओळीत खांद्याला खांदा लावून नमाज पढणं, एवढाच त्यांचा विसावा उरला. सजद्याला, म्हणजे कपाळ जमिनीला टेकायला, खाली गेल्यावर उठता येईना, तेव्हा ते मला घेऊन मशिदीत आले.

झालं, काथ्याकूट सुरू. खुर्चीवर नमाज होतो का? होत असेल तर खुर्ची ठेवायची कुठे? पुढचे पाय ओळीच्या रेषेवर ठेवले, तर मागचे पाय मागच्या माणसाच्या कपाळाशी येत. त्याने सजदा करायचा कुठे? मागचे पाय रेषेवर घेतले, तर चाचांचे गुडघे ओळीच्या पुढे निघत. पिठाच्या गिरणीचा मालक सगळ्यांत तावातावाने बोले. आज एक खुर्ची आली, उद्या बाकडी येतील, असं त्याचं म्हणणं. इमामसाहेब भला माणूस, पण भिडस्त. धर्माचा निर्णय देणाऱ्या मोठ्या मुफ्तींना विचारून सांगतो म्हणाले आणि त्यांनी वेळ मारून नेली.

तोवर माझी रवानगी सगळ्या ओळींच्या मागे, भिंतीशी झाली. चाचा तिथे एकटेच बसत. त्यांच्या खांद्याला फक्त भिंत लागे.

एकदा गिरणीवाला समजुतीच्या सुरात म्हणाला, "चाचा, उत्तर येईपर्यंत घरीच पढा ना. आजारी माणसाचा घरीही होतो."

"होतो रे बाळा," चाचा म्हणाले. "पण घरी बाजूला कोणी नसतं."

दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. मला कोणीतरी उचलून दाराशी ठेवलं.

यथावकाश उत्तर आलं. शुक्रवारी इमामसाहेबांनी ते वाचून दाखवलं. ज्याला खाली बसणं जमत नाही, त्याचा नमाज खुर्चीवर होतो. मागचे पाय रेषेवर ठेवावेत आणि शेजाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. सगळ्यांनी माना डोलावल्या. एवढं सोपं होतं होय, असंही कोणी म्हणालं. पण चाचांना सांगायला कोणी गेलं नाही. जो तो समजला, दुसऱ्याने सांगितलं असेल.

चाचा उत्तराची वाट बघतच वारले. जनाज्याच्या नमाजात सजदा नसतो, सगळे उभेच असतात. त्या दिवशी ओळी सुतात होत्या. गिरणीवाला पहिल्या ओळीत रडत होता. त्याचं रडणं खरं होतं, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

परवा तो लंगडत आला. गुडघा धरला होता. त्याने मला दारातून ओढत पहिल्या ओळीत नेलं आणि मागचे पाय बरोबर रेषेवर टेकवले. शेजारचे मुकाट्याने सरकले. कोणी एक प्रश्न विचारला नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, दुसरं काय.

मित्रांनो, धर्मात काय चालतं आणि काय नाही, हे जरूर विचारा. विचारण्यात वाईट काही नाही. पण उत्तर मिळालं की ते ज्याचं आहे, त्याच्या दारापर्यंत पोचवा. चाचांचं घर मशिदीच्या मागच्याच गल्लीत होतं. मला पाय चार आहेत, पण चालता येत नाही. येत असतं, तर मीच गेले असते.