विनीताच्या वाट्याचा चहा

"मले नाही जमणार," रत्नाकरराव म्हणाले आणि उठून उगाच पंख्याचं बटण खालीवर करू लागले.

शर्मिष्ठा पाहतच राहिली. बापाच्या तोंडून नकार ऐकायची तिला सवय नव्हती, आणि मागणंही काही जगावेगळं नव्हतं. तिचं ऑफिस पुढच्या महिन्यात नव्या रायपूरला हलणार होतं. इतके दिवस ऑफिस शहरात होतं, म्हणून ती जेवणाच्या सुट्टीत स्कूटी काढायची, मंजिरीला शाळेतून घ्यायची, शेजारणीकडे सोडायची आणि पुन्हा टेबलावर जाऊन बसायची. आता ऑफिसची बस सकाळीच घेऊन जाणार आणि दिवेलागणीला आणून सोडणार. नवरा शेखर बीरगावच्या कारखान्यात शिफ्टवर. शेजारीणही घर बदलून गेलेली. पोरगी पहिलीत. तिची शाळा भनपुरीत, बापाच्या घराजवळच. रिक्षावाला तिला आजोबांच्या दारात सोडायला तयार होता.

"बाबा, संध्याकाळपर्यंतचाच तर प्रश्न आहे. ती तुमाले काही त्रास देत नाही. कार्टून लावून दिलं का बसून राहते."

"त्रासाचं नाही गं."

"मग कशाचं?"

रत्नाकरराव पुन्हा पंख्याच्या बटणाकडे वळले.

"नोकरी सोडू का मी? काँट्रॅक्टवर आहे. एकदा सोडली का दुसरी कोणी बसलीच म्हणून समजा त्या खुर्चीत." तिचा आवाज चढला. "आई असती तर..." एवढं बोलून तिनं जीभ चावली. हेल्मेट उचललं आणि चहा न घेताच निघून गेली.

फाटक लावायला रत्नाकरराव बाहेर आले तेव्हा स्कूटी वळणाआड गेली होती. खरं कारण जिभेच्या टोकावर आलं होतं, पण ते सांगायचं कसं? सारी नोकरी त्यांनी मालगाडीचा गार्ड म्हणून केली. गाडीच्या शेपटाला एक डबा, त्यात एकटा माणूस. दरेकसाच्या घाटात गाडी अडकली की दोन्ही बाजूंना जंगल आणि हातात एक बत्ती. तेव्हा कधी छाती धडधडली नाही. आणि आता स्वतःच्या घरात, भर उजेडात, चार वाजले की हातपाय गार पडत. कान गुणगुणू लागत. छातीत कोणी दार ठोठावावं तसं सुरू होई आणि वाटे, संपलं, आत्ता पडतो. मग ते उंबऱ्यावर येऊन बसत. निदान पडलो तर रस्त्यावरून कोणाला दिसू तरी.

बायको विनीता चार दिवसांच्या तापात गेली. हे सुरू झालं ते त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी. पहिल्यांदा झालं तेव्हा ते एकटेच ऑटो करून दवाखान्यात गेले. पोरसवदा डॉक्टरनं छातीला तारा लावून कागद काढला, आणखी तपासण्या केल्या आणि म्हणाला, "अंकल, दिल एकदम बढ़िया है. ये घबराहट है."

"फिर?"

"सुबह टहलिए. खाना टाइम पे. सोना टाइम पे. लोगों से मिलिए, बात कीजिए. चाय कितनी पीते हैं?"

"दो टाइम. सुबह-शाम."

"ठीक है, उससे ज़्यादा मत पीजिए."

रत्नाकरराव रागातच घरी आले. बायको गेली माझी, आणि हा मला म्हणतो, टहलिए. म्हणून त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही आणि केलंही नाही. चार वाजले की उंबऱ्यावर बसायचं, एवढंच करत राहिले.

पण शर्मिष्ठा चहा न घेता गेली त्या रात्री त्यांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येत राहिलं. आपण खाली पडलोय आणि शाळेचा गणवेश घातलेली मंजिरी आपल्याला हलवते आहे. पोरीची नोकरी जाऊ द्यायची, की हे चित्र खरं होऊ द्यायचं? तिसरा रस्ता एकच होता, डॉक्टरनं सांगितलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बूट चढवले.

रेल्वे कॉलनीच्या मैदानाला ते चक्कर मारू लागले. आधी एकटेच, खाली मान घालून. मग तिथे फिरणारे दोन-चार जुने लोक भेटले. "अरे धोमणे बाबू, ज़िंदा हो?" असं कोणी ओरडलं आणि दचकून त्यांना हसू आलं. कितीतरी दिवसांनी. दुपारी वेळेवर कुकर लावायचा, वरण-भात ताटात वाढून बसून खायचा, उभ्यानं नाही. रात्री टीव्ही बंद करून पडायचं. झोप थोडी लागू लागली. पण चारच्या धडधडीनं आपली वेळ काही सोडली नाही. मैदानाला कितीही चकरा मारा, ती ठरल्यासारखी यायचीच. रत्नाकरराव खचले. कसल्या सवयी अन् कसलं काय, म्हणाले. महिना अर्ध्याहून जास्त सरला होता.

अशाच एका सकाळी ते चहाचं भांडं घेऊन अंगणात आले. विनीताची पद्धत होती, चहाचा चोथा धुऊन गुलाबाला घालायचा. ती पद्धत त्यांनी चालू ठेवली होती, धुवायचं तेवढं सोडून. भिंतीपलीकडून कांताबाई पाहत होत्या. त्या विनीताच्या मैत्रीण, मूळच्या अमरावतीकडच्या, आणि तोंडानं फटकळ.

"काहो भाऊजी, चहाचं दुकान टाकलं काय?"

"काहून?"

"त्या झाडाकडे पाहा न जरा. बिचारं गळ्यापर्यंत बुडून राहिलं पत्तीत. माही विनीता हाताच्या बोटानं पत्ती टाकायची, तुमी काय फावड्यानं टाकून राहिले?"

रत्नाकररावांनी पाहिलं. गुलाबाच्या बुडाशी काळा ढीग झाला होता आणि त्यावर बुरशी धरली होती.

"दोनच टाइम करतो वहिनी चहा."

"दोन टाइम? अन् पितं कोण एवढा? मी तर कोणाले येताना पाहत नाही."

त्या गमतीत बोलल्या होत्या, पण रत्नाकरराव हातातल्या भांड्याकडे पाहू लागले. कारण पितं कोण, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

चहा ते दोघांचाच टाकत होते. हाताला तेच माप बसलेलं. दोन कप भरायचे. आपला प्यायचा, आणि मग दुसरा समोर निवत बसायचा. विनीताच्या वाट्याचा चहा मोरीत ओतायचा, हे काही त्यांना कधी जमलं नाही. मग तोही प्यायचा. शिवाय दूध. तुळशीराम गवळी रोज लिटरभर दूध घालायचा, ती असताना घालायचा तेवढंच. विनीता त्याचं दही लावायची, साय काढायची, ताक करायची. रत्नाकररावांना त्यातलं काहीच येत नव्हतं. दूध नासू नये म्हणून जेवणानंतर पुन्हा भांडं चढायचं, दाट, उकळून उकळून काळपट केलेलं, आणि त्याचेही दोन कप व्हायचे. तो चहा त्यांनी चहात कधी धरलाच नाही. त्यांच्या लेखी ते दूध संपवणं होतं. डॉक्टरशी ते खोटं बोलले नव्हते. दोन टाइम म्हणजे दोन टाइम. आणि दुपारचे दोन कप पोटात गेले की थोड्याच वेळात चार वाजत.

"काय झालं भाऊजी? मी गंमत केली."

"नाही, बरं केलं," रत्नाकरराव म्हणाले.

आता उपाय सोपा होता. तुळशीरामला सांगायचं, उद्यापासून अर्धा लिटर. एवढंच वाक्य. सकाळी सायकलची घंटी वाजली, ते पातेलं घेऊन फाटकाशी गेले, तुळशीरामनं माप बुडवलं, आणि वाक्य काही निघालं नाही. लिटरभर दूध घेऊन ते आत आले. अर्धा लिटर म्हणायचं म्हणजे काय म्हणायचं, ते पातेलं ओट्यावर ठेवताना त्यांच्या ध्यानात आलं. तेराव्याला लोक जेवून गेले, तिच्या साड्या शर्मिष्ठा घेऊन गेली, रेशनकार्डावरचं नावही कमी झालं. ते सगळं दुसऱ्यांनी केलं होतं. स्वतःच्या तोंडानं त्यांनी अजून कोणालाच सांगितलं नव्हतं की या घरात आता एकच माणूस आहे.

पुढच्या सकाळी त्यांनी तुळशीरामचा माप धरलेला हात धरला.

"आधा कर दे, तुळशीराम. मी एकटाच असतो आता."

तुळशीरामनं माप खाली घेतलं. मग डोक्याचा गमछा काढून त्यानं तोंड पुसलं.

"हव बाबूजी. मैं तो जानत रहेंव. फेर कइसे पूछतेंव? घरवाली कहिस, झन पूछबे, जब ओकर मन होही, खुदे कइही."

विचारू नको, मन होईल तेव्हा ते स्वतःच सांगतील, असं त्याच्या बायकोनं त्याला बजावलं होतं. त्यानं अर्धं माप ओतलं. मग रोजच्यासारखं निघून जायला हवं होतं, तर सायकल भिंतीला टेकवून पायरीवर बसला आणि विनीताबद्दल बोलू लागला. दुधात पाणी घातलं की दीदी कसं बोट बुडवून ओळखायची आणि कसं भर गल्लीत झापायची. दोघंही हसले. हसता हसता रत्नाकररावांना रडू आलं, तेव्हा तुळशीराम दुसरीकडे पाहत बसला, पण उठून गेला नाही.

त्या दिवशी त्यांनी एकाच कपाचं आधण ठेवलं. हात जास्त पाणी घ्यायचा, ते परत ओतावं लागलं. दुपारचा चहा झाला नाही, कारण संपवायला जास्तीचं दूधच नव्हतं. डोकं दुखलं, जीव तळमळला, पुढचे दोन दिवसही वाईट गेले. सकाळचं फिरणं मात्र चुकवलं नाही. आणि नंतर एका दुपारी त्यांनी घड्याळ पाहिलं तर साडेचार वाजून गेले होते. धडधड आलीच नव्हती. पुढे ती आली, दोनदा आली, पण येऊन लवकर गेली. ती कायमची गेली नाही, हे त्यांना कळत होतं. ती सगळी चहाची नव्हतीच.

रविवारी ते बीरगावला लेकीकडे गेले. शर्मिष्ठानं पाणी दिलं, पण चेहरा घट्टच. दोन दिवसांनी तिला ऑफिसात राजीनामा द्यायचा होता.

"देऊ नको," रत्नाकरराव म्हणाले. "मले भीती वाटते, शर्मिष्ठा. छातीत धडधड होते. पोट्टीसमोर झाली तर काय, म्हणून नाही म्हटलं."

ती खुर्चीतच सरकली. "केव्हापासून? डॉक्टर?"

"दाखवलं. हार्ट चांगलं आहे. घबराहट म्हणतो. आता कमी आहे. फिरतो, जेवतो, चहा कमी केला."

"अन् मले सांगितलं काहून नाही? मी काय परकी आहे? मी इथं मनात काय काय म्हणून राहिली तुमाले, माहीत आहे?"

"म्हण न. तो तुहा हक्क आहे."

ती रडायला लागली आणि रडता रडता चिडतही राहिली. मंजिरी दारात उभी राहून ऐकत होती. तिला मराठी सगळं समजायचं, पण बोलायची ती हिंदीतच.

"आजोबा को डर लगता है?"

शर्मिष्ठा तिला आत पाठवणार होती, पण रत्नाकररावांनी तिला जवळ ओढलं. "हो. कधी कधी लागते. तसं झालं तर मी गप बसून राहीन. तू घाबरायचं नाही. अन् नाहीच थांबलं तर भिंतीजवळ जाऊन कांताआजीले हाक मारायची. जमते?"

"ज़ोर से?"

"जितकी जोरात येईल तितकी."

मंजिरीनं तिथंच हाक मारून दाखवली. बाहेरचं कुत्रं भुंकलं.

महिन्याच्या पहिल्याच दिवशी रिक्षावाल्यानं तिला दारात सोडलं. कांताबाईंना सांगून ठेवलं होतं. त्यांनी दुपारीच अंगणात खाट टाकली होती, पापड वाळवायचे म्हणून. मंजिरी वरण-भात जेवली, शाळेचे बूट न काढताच अंगणभर खेळली, मग आत येऊन चित्र रंगवू लागली. रत्नाकरराव शेजारी बसून होते. आणि घड्याळाकडे पाहायचं नाही असं ठरवलेलं असताना त्यांनी पाहिलं. थोड्या वेळानं हात गार पडू लागले.

त्यांना उंबऱ्यावर जाऊन बसावंसं वाटलं. ते गेले नाहीत. भिंतीला पाठ टेकली आणि म्हणाले, "मंजिरी, आलं बरं का."

तिनं रंगाची कांडी खाली ठेवली. त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग उठून मांडीत येऊन बसली आणि कान त्यांच्या छातीला लावला.

"आजोबा, अंदर कोई दौड़ रहा है."

"हो."

"बहुत तेज़. कहाँ जा रहा है?"

"कुठंच नाही. उगाच."

"रुकेगा?"

"थकला का थांबते."

ती ऐकत राहिली. रत्नाकरराव हळूहळू श्वास सोडत होते. सोडताना तिचं डोकं खाली जायचं, घेताना वर यायचं. भिंतीपलीकडे कांताबाई कावळ्याला हाकलत होत्या. मंजिरीनं एकदा मान वर केली. "अभी भी दौड़ रहा है." पुन्हा कान लावला. बराच वेळ गेला.

"अब चल रहा है," ती म्हणाली. आणि मग पुन्हा काही वेळानं, झोपेला आलेल्या आवाजात, "अब बैठ गया."

संध्याकाळी बसमधून उतरून शर्मिष्ठा स्कूटीनं आली तेव्हा मंजिरी मांडीतच झोपली होती. रत्नाकररावांचा पाय मुंग्या येऊन बधीर झाला होता, पण ते हलले नव्हते.

"कसं झालं बाबा?" हेल्मेट न काढताच तिनं विचारलं.

काही नाही, असं म्हणणं सोपं होतं. ते म्हणाले, "आलं होतं."

तिचा चेहरा उतरला. "मग?"

"मग गेलं. हिनं थांबवून धरलं."

शर्मिष्ठा दारातच टेकली. हेल्मेट काढून मांडीवर घेतलं आणि दोघांकडे पाहत राहिली. "उद्या सुट्टी टाकू का?" तिनं हळूच विचारलं.

"काहून? उद्याही पाठव," रत्नाकरराव म्हणाले. "फक्त तिची चप्पल दे सोबत. शाळेचे बूट मातीत खराब करून राहिली पोट्टी."